धावणं आणि पळणं: स्थलांतराची गोष्ट पायांनी सांगणारी कला

वॉर्सातल्या एका चर्चमधून एक डच माणूस निघतो. जवळ चांदीची छोटी वाटी आणि तिच्यात माती. काही अंतर पोहून, बरंचसं सायकलवर आणि उरलेलं पायांनी धावत तो अर्धा युरोप ओलांडतो. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत एका कबरीपाशी थांबतो आणि ती माती तिथे अर्पण करतो. सगळं मिळून सतराशे किलोमीटरांच्या आसपास. कबर आहे फ्रेडरिक शोपँ या पोलिश संगीतकाराची, आणि धावणारा आहे गिडो फान डर वेर्व हा कलाकार. 2012 साली पूर्ण झालेल्या या कामाचं नाव 'नंबर फोर्टीन, होम'. होम म्हणजे घर. या प्रवासाची फिल्म कलादालनांत आणि संग्रहालयांत दाखवली जाते.

आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला, "किती दिवस लागले?" दुसरा, जरा दबक्या आवाजात, "पण यात कला कुठली?" दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी समजायचं कारण नाही. धावणं म्हणजे व्यायाम किंवा स्पर्धा, कला म्हणजे चित्र, गाणं, नाच, आणि स्थलांतर म्हणजे बातम्यांतल्या होड्या आणि काटेरी तारा, असे तीन वेगवेगळे कप्पे आपल्या डोक्यात असतात. ते एकत्र कसे आले, हे एकेक पायरी चढत पाहू.

शरीर हाच कागद

चित्रकाराला कॅनव्हास लागतो, शिल्पकाराला दगड. काही कलाकार मात्र स्वतःचं शरीर आणि स्वतःचा वेळ हेच साहित्य मानतात. ते लोकांसमोर, किंवा नोंद ठेवून, एखादी कृती करतात आणि ती कृती हीच कलाकृती असते. याला 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणतात. नाटकाहून ती वेगळी आहे. नाटकात राजा मरतो आणि पडदा पडल्यावर राजाचं काम करणारा नट उठून चहा पितो. इथे भूक लागते ती खरी आणि तळपायाला आलेला फोडही खरा. कृती जेव्हा दीर्घकाळ सोसण्यावर उभी असते, तेव्हा तिला 'एन्ड्युरन्स आर्ट' असं नाव आहे. आपण तिला सोसण्याची कला म्हणू.

आपल्याला हे परकं वाटायचं खरं तर कारण नाही. 12 मार्च 1930 ला गांधीजी साबरमतीहून निघाले आणि चोवीस दिवस चालत, सुमारे 385 किलोमीटर तुडवून दांडीला पोहोचले. मीठ उचलण्यासाठी समुद्रकिनाराच गाठायचा होता, तर आगगाडी आणि मोटार होतीच. पण गाडीने गेले असते तर ती एक ओळीची बातमी झाली असती. चोवीस दिवस चालल्यामुळे गावोगावच्या माणसांना त्या चालण्यात सामील होता आलं, त्याची वाट पाहता आली. चालणं हेच म्हणणं होतं. पंढरपूरला एसटी जाते हे आळंदीहून निघालेल्या प्रत्येक वारकऱ्याला माहीत असतं, तरी कुणी त्याला "बसने का नाही गेलात?" असं विचारत नाही. मी दांडीयात्रेला किंवा वारीला परफॉर्मन्स आर्ट म्हणत नाही. एक राजकीय लढा होता आणि दुसरी भक्ती आहे. पण अंतर शरीराने पार करण्यातच अर्थ भरलेला असतो, ही समज आपल्याकडे जुनी आहे, एवढंच म्हणायचं आहे.

सोसण्याच्या कलेतलं सगळ्यात कडक उदाहरण स्थलांतरिताचंच आहे. तेचिंग शेह हा तैवानचा तरुण जहाजावर खलाशी म्हणून अमेरिकेला आला आणि 1974 मध्ये फिलाडेल्फियाजवळ जहाज सोडून पळाला. पुढची चौदा वर्षं तो न्यूयॉर्कमध्ये कागदपत्रांशिवाय राहिला. एप्रिल 1980 ते एप्रिल 1981 असं वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला त्याने आपल्या खोलीत बसवलेल्या यंत्रात हजेरीचं कार्ड पंच केलं. कारखान्याच्या दारात कामगार करतात तसं. वर्षाचे तास 8,760. त्यांपैकी 133 चुकले, आणि तेही त्याने कारणांसह नोंदवून ठेवले. म्हणजे पूर्ण वर्षात एकदाही सलग तासाभराहून जास्त झोप ठरवून घेतली नाही. पुढच्या कामात तो एक वर्ष कुठल्याही छपराखाली गेला नाही. ना घर, ना दुकान, ना गाडी, ना तंबू. पोलिसांनी पकडून आत नेलं ते काही तास तेवढे छपराखाली गेले.

या कामांवर त्याने 'स्थलांतर' अशी पाटी लावली नव्हती. पण ज्याच्याकडे कागद नाही त्याचा दिवस कसा जातो? सतत घड्याळाकडे लक्ष, कामाच्या पाळ्या, दाराबाहेरचं जगणं, पोलिसाची चाहूल. हे सांगायला त्याला वेगळं वाक्य लिहावं लागलं नाही.

मग धावणंच का?

मराठीत या प्रश्नाचं अर्धं उत्तर भाषेनेच देऊन ठेवलं आहे. आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत, धावणं आणि पळणं. रोजच्या बोलण्यात आपण ती एकमेकांच्या जागी वापरतो. मुलांना "पळा, पळा" म्हणतो आणि त्यात भीती नसते. पण जरा ताण दिला की दोन्ही शब्द वेगळ्या वाटांना लागतात. संकटात कुणी मदतीला येतो तो धावून येतो. संकटातून कुणी निसटतो तो पळून जातो. देवाला आपण "धाव" म्हणतो, "पळ" कधीच म्हणत नाही.

पायांची हालचाल एकच, फुप्फुसं तीच, घामही तोच. फरक मागे काय आहे आणि पुढे काय आहे याचा. धावण्यातून स्थलांतराविषयी बोलणारी कला नेमकी या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत उभी असते. एक माणूस आपल्यासमोर धावतो आणि आपल्याला पळणारी माणसं आठवतात.

उरलेलं अर्धं उत्तर शरीरशास्त्रात आहे. आपलं शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात ठेवतं. सर्वसाधारण माणसात तो सुमारे दोन हजार कॅलरींचा असतो. मॅरेथॉन आहे 42.195 किलोमीटरची, आणि हा साठा बहुतेकांचा तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास आटतो. गाडीत पेट्रोल असताना काटा लाल रेषेवर गेला तरी ती त्याच वेगाने धावते, शरीर तसं करत नाही. मेंदूलाही साखर हवी असते, म्हणून तो आधीच ब्रेक दाबतो. धावणारे याला 'वॉल लागली' म्हणतात, म्हणजे भिंत आडवी आली. मी ती अनुभवली आहे. पहिल्या मॅरेथॉनमध्ये चौतिसाव्या किलोमीटरला मी रस्त्याच्या दुभाजकावर बसले आणि मला रडू फुटलं. कुठे दुखत नव्हतं. फक्त पुढचा विजेचा खांब दिसत होता आणि तो आपल्याकडून गाठला जाणार नाही याची खात्री वाटत होती. एका स्वयंसेवक मुलाने मीठ लावलेली संत्र्याची फोड हातात ठेवली, ती खाल्ली, आणि दहा मिनिटांनी मी उठले.

त्या दहा मिनिटांत नकाशावरचं अंतर आणि शरीरातलं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला जेवढं कळलं, तेवढं कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं. सतराशे किलोमीटर हा विमानाच्या तिकिटावर दोन-अडीच तासांचा आकडा आहे. पायांवर घेतला की तो आठवड्यांचा होतो, भुकेचा होतो, गुडघ्याचा होतो. सोसण्याची कला आकड्याला असं शरीर देते.

मातीची वाटी, कॅमोमाइलची फुलं

आता फान डर वेर्वकडे परत येऊ, कारण त्याच्या कामात बारकावे भरपूर आहेत.

शोपँ नोव्हेंबर 1830 मध्ये वीस वर्षांचा असताना वॉर्सातून बाहेर पडला. काही आठवड्यांतच तिथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि शोपँ पुन्हा कधीच मायदेशी गेला नाही. तो पॅरिसला आला तेव्हा त्याच्या पासपोर्टवर 'पॅरिसमार्गे लंडन' असा शेरा होता. मी इथे नुसता वाटेवरचा प्रवासी आहे, असं तो गमतीने म्हणायचा म्हणतात. वाटेवरच्या त्या मुक्कामात त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. 1849 मध्ये तो वारला, पॅरिसमध्येच पुरला गेला. पण त्याचं हृदय काढून त्याच्या बहिणीने, लुडविकाने, गुपचूप वॉर्साला नेलं. ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे.

म्हणजे माणूस एका देशात, हृदय दुसऱ्या देशात. परदेशात राहणाऱ्या माणसाविषयी आपण हे वाक्य सहज बोलून जातो, इथे ते शब्दशः खरं आहे. फान डर वेर्व हृदय जिथे आहे तिथून निघाला आणि शरीर जिथे आहे तिथे पोहोचला. वाटेत मूठभर माती जपली. फिल्ममध्ये मधूनच वाद्यवृंद आणि गायकवृंद दिसतात. वाजत असतो तो त्यानेच रचलेला मृतांसाठीचा प्रार्थना-संगीताचा प्रकार, रेक्विएम.

दुसरं काम मला जास्त जवळचं वाटतं, कारण ते साधं आहे. सर्गेई रॅकमनिनॉफ हा रशियन संगीतकार 1917 च्या क्रांतीनंतर कुटुंबासह देश सोडून गेला आणि परतला नाही. 1943 मध्ये कॅलिफोर्नियात वारला, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला व्हॅल्हाला गावाजवळच्या केन्सिको दफनभूमीत पुरला गेला. फान डर वेर्व न्यूयॉर्कमधून कॅमोमाइलच्या फुलांचा गुच्छ घेऊन त्या कबरीपर्यंत धावत गेला. हे अंतर मॅरेथॉनपेक्षा जास्त आहे. कॅमोमाइल रशियाचं राष्ट्रीय फूल मानलं जातं. पुढे त्याने हे धावणं पुन्हा केलं, आणि इतर लोकही फुलं घेऊन त्याच्यासोबत धावले.

यातली एक गोष्ट डोळ्यांपुढे आणून पाहा. हातात फुलं घेऊन धावणं अवघड असतं. हात हलवता येत नाहीत, देठ घामाने बुळबुळीत होतात, वाऱ्याने पाकळ्या गळतात. फुलं पोहोचेपर्यंत कोमेजणार हे निघतानाच माहीत असतं. आजीला भेटायला गावाहून केळीच्या पानात गुंडाळलेली अबोली मुंबईपर्यंत आणताना आपली जी धडपड होते, ती हीच.

याच कलाकाराने आणखी एका कामात फिनलंडमधल्या स्वतःच्या घराभोवती बारा तास धावत फेऱ्या मारल्या. कुठे पोहोचायचं नव्हतं. घरापासून लांब जाता येत नाही आणि घरात शिरताही येत नाही. माझ्या मते परदेशी स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी माणसांना हे काम न समजावता कळेल.

"पण शोपँ आणि आजचे निर्वासित यांचा काय संबंध?"

शंका बरोबर आहे, म्हणून शब्द नीट वेगळे करू. जन्मदेश सोडून दुसऱ्या देशात राहणारा तो आंतरराष्ट्रीय स्थलांतरित, कारण काहीही असो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये असे सुमारे 30 कोटी 40 लाख लोक होते. कॅनडातला सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि दुबईतला गवंडी दोघेही यात आले. छळ, युद्ध किंवा हिंसाचारामुळे जीव वाचवायला सीमा ओलांडतो तो निर्वासित. आणि तशाच कारणाने घर सुटलं पण देशाची सीमा ओलांडली नाही, तो अंतर्गत विस्थापित. बळजबरीने घर सोडावं लागलेल्यांची एकूण संख्या 2024 अखेर 12 कोटी 32 लाख होती. 2011 च्या जनगणनेतल्या अख्ख्या महाराष्ट्राहून हा आकडा मोठा आहे. त्यातले 7 कोटी 35 लाख लोक आपल्याच देशात विस्थापित होते. जे सीमेपार गेले त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश शेजारच्या देशात राहिले. युरोपच्या दारात गर्दी झाली असं चित्र आपण पडद्यावर बघतो, पण ओझं बहुतांशी शेजारच्या गरीब देशांच्याच डोक्यावर असतं.

शोपँ आणि आजचा सुदानी निर्वासित यांच्या सुखसोयींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शोपँला पॅरिसचे दिवाणखाने उघडे होते, पुढे फ्रेंच नागरिकत्व मिळालं. एकच गोष्ट समान आहे, ती म्हणजे परतीची वाट बंद होणं. कलाकाराने तेवढा एकच धागा उचलला आहे. तो धागा म्हणजे सगळं स्थलांतर, असं कुणी म्हणालं तर मीही हरकत घेईन.

सांगलीहून मिरजेला, व्हाया ऑकलंड

पासपोर्टाचा मुद्दा ज्याने सगळ्यात स्वच्छ मांडला तो धावला नाही, पण त्याच्याशिवाय हा विषय अपुरा राहील. मेक्सिकोचं टिहुआना आणि अमेरिकेचं सॅन डिएगो ही शेजारशेजारची शहरं, मधे सीमेचं कुंपण. 1997 मध्ये एका कलामहोत्सवासाठी, मेक्सिकोत राहणाऱ्या फ्रान्सिस आलीस या बेल्जियन कलाकाराने ठरवलं, टिहुआनाहून सॅन डिएगोला जायचं, पण मधली सीमा ओलांडायची नाही. मग तो मेक्सिको सिटी, पनामा, सँटियागो, ऑकलंड, सिडनी, सिंगापूर, बँकॉक, शांघाय, सोल, अँकरेज, व्हँकुव्हर, लॉस एंजेलिस असा पॅसिफिक महासागराला वळसा घालून पाच आठवड्यांनी सॅन डिएगोला उतरला. कामाचं नाव 'द लूप'.

सांगलीहून मिरजेला जायला निघालेल्याने न्यूझीलंडला फेरी मारावी, तसं हे. पण यातली ग्यानबाची मेख अशी की बेल्जियन पासपोर्ट असलेला माणूस सगळी पृथ्वी ओलांडू शकतो, आणि त्या कुंपणाशी उभ्या असलेल्या मेक्सिकन मजुराला काही मीटरही ओलांडता येत नाहीत. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं की कागदांमध्ये, हा प्रश्न या कामाने विचारला. व्हिसासाठी बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, परतीचं तिकीट आणि जमिनीचा उतारा घेऊन पहाटे रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही त्याचं उत्तर माहीत आहे.

"धावणारा थांबू शकतो. पळणारा थांबू शकत नाही."

या कलेवरचा हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे, आणि मला तो पूर्ण मान्य आहे.

मे 2020. टाळेबंदी. मुंबई-नाशिक महामार्गावर शहापूरच्या पुढे आम्ही काही जण पाणी आणि केळी वाटत होतो. माणसांची रांग संपत नव्हती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, सायकलच्या कॅरिअरवर गुंडाळलेली गादी. एक चाळिशीचा माणूस केळं घेऊन थांबला. त्याच्या एका चपलेचा पट्टा तुटला होता आणि तो सुतळीने तळव्याशी बांधला होता. सुतळी जिथे घासत होती तिथली कातडी पांढरी पडून सुटली होती. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मी धावायचे बूट घालून गेले होते, दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"ये जूता कितना चलता है?" त्याने विचारलं.

मला वाटलं किंमत विचारतोय. मग कळलं, किलोमीटर विचारतोय. धावणाऱ्यांना हे पाठ असतं, म्हणून तोंडातून निघून गेलं, "सात-आठ सौ."

त्याने मान हलवली. "हमको पंद्रह सौ जाना है," म्हणाला आणि चालू लागला. गोरखपूरकडचा होता.

ते चालणं कला नव्हती आणि तिला कला म्हणणं हा त्या माणसाचा अपमान ठरेल. त्याच महिन्यात, 8 मे च्या पहाटे, जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या घराकडे रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. थकून रुळांवरच झोपले होते. रुळांत पडलेल्या भाकऱ्या-पोळ्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

म्हणून मी अशा कलाकृतीकडे बघताना एक गोष्ट शोधते. हा कलाकार आपल्याला थांबता येतं हे लपवतो आहे का? मी निर्वासितांचं दुःख अनुभवलं, असं कुणी पाचशे किलोमीटर धावून सांगू लागला तर मला ते खोटं वाटतं. त्याच्या खिशात मोबाइल आहे, पाठीमागे गाडी आहे, आणि संध्याकाळी गरम पाण्याची आंघोळ आहे. फान डर वेर्व तसा दावा करत नाही. तो मेलेल्या माणसाला माती नेऊन देतो, त्याच्या जागी उभा राहत नाही. आलीस तर आपली सोय हाच विषय करतो. शेहला दावा करायची गरजच नव्हती, तो स्वतःच कागदांविना जगत होता.

मग ज्यांना पळावं लागलं ते कुठे आहेत?

तेही धावतात, आणि त्यांचं धावणं जगाने पाहिलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा निर्वासितांचा संघ उतरला. दहा खेळाडू होते. त्यांतले पाच दक्षिण सुदानचे धावपटू होते. युद्धातून लहानपणीच पळून ते केनियातल्या काकुमा छावणीत वाढले होते. केनियाची विख्यात मॅरेथॉन धावपटू टेग्ला लोरूपे हिने पुढाकार घेऊन त्यांना निवडलं आणि तयार केलं. उद्घाटनाला ध्वज होता रोझ नाथिके लोकोन्येन हिच्या हातात. ती आठशे मीटर धावली, प्राथमिक फेरीतच बाहेर गेली. पदकांच्या तक्त्यात तिची नोंद नाही. पण कोणत्याच देशाचा नसलेला ध्वज घेऊन ती मैदानात चालत आली ते दृश्य कुठल्याही कलादालनातल्या कृतीपेक्षा मला कमी वाटत नाही. तिच्या बाबतीत पळणं आणि धावणं हे एकाच आयुष्याचे दोन भाग आहेत.

धावण्यातूनच स्थलांतराकडे पाहणाऱ्या कलाकारांतही सगळे युरोपीय नाहीत. सिंगापूरमध्ये जन्मलेल्या आणि पुढे ब्रिटनमध्ये काम केलेल्या काय सिंग तान हिने 'कायडी' नावाचं पात्र निर्माण केलं आणि 2009 ते 2012 या काळात हजार दिवस त्या पात्राच्या रूपाने लंडनमध्ये धावत राहिली. नव्या शहरात आलेली बाई ते शहर पायांनी कसं ओळखीचं करून घेते, हे पुणे-मुंबईत शिकायला आलेल्या आपल्या मुलींना वेगळं सांगायला नको.

"यातून बदलतं काय?"

कायदे बदलत नाहीत. कुठलीही सीमा एखाद्या कलाकाराच्या धावण्यामुळे उघडली असं मी म्हणणार नाही.

पण ही कला एक काम करते, ती समोरच्यांना उघडं पाडते. 2021 मध्ये 'लिटल अमल' नावाची साडेतीन मीटर उंचीची बाहुली तुर्कस्तानातल्या गाझियानतेपहून इंग्लंडमधल्या मँचेस्टरपर्यंत नेली गेली, सुमारे आठ हजार किलोमीटर. नऊ वर्षांची सीरियन मुलगी आईच्या शोधात निघाली आहे, अशी कल्पना. आत माणसं, बाहेर वेत आणि कापड. बऱ्याच गावांत मुलांनी तिचं स्वागत केलं. ग्रीसमध्ये लारिसा शहरात लोकांनी तिच्यावर दगड मारले. बाहुलीवर. मेटेओराच्या मठांच्या परिसरात तिला येऊच दिलं नाही. एक कापडी मुलगी रस्त्यावरून गेली आणि त्या गावाच्या मनात काय आहे ते सर्वांना दिसलं. पाहणी अहवालातही ते लिहिता आलं असतं, पण दगड दिसले नसते.

बेथलेहेममधला यू-टर्न

शेवटी एक शर्यत, जिला कुणी कला म्हणत नाही, पण माझ्या लेखी ती या सगळ्याच्या मध्यभागी आहे.

2013 पासून पॅलेस्टाइनमधल्या बेथलेहेमला मॅरेथॉन भरू लागली. भरवणाऱ्यांच्या गटाचं नावच 'राइट टू मूव्हमेंट' आहे, म्हणजे ये-जा करण्याचा हक्क. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलम त्याच हक्काचं आहे. आयोजकांनी नकाशा घेतला तेव्हा अडचण आली. मॅरेथॉनला लागतात 42 किलोमीटर, आणि इस्रायलचा तपासणी नाका, वसाहत किंवा भिंत आडवी न येता पॅलेस्टिनी ताब्यात तेवढा सलग रस्ता बेथलेहेममध्ये मिळेना. म्हणून मार्ग असा आखला की धावपटूंनी तोच रस्ता पुन्हा पुन्हा धावायचा. नेटिव्हिटी चर्चपासून निघायचं, आठेक मीटर उंच काँक्रीटच्या भिंतीच्या कडेने, निर्वासितांच्या छावण्यांमधून जायचं, रस्ता संपेल तिथे वळायचं आणि परत यायचं.

गाझाचा ऑलिंपिक धावपटू नादेर अल-मसरी याला 2014 मध्ये या शर्यतीसाठी बेथलेहेमला जाऊ द्यावं म्हणून इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. परवानगी मिळाली नाही. गाझा ते बेथलेहेम अंतर साधारण सत्तर किलोमीटर आहे, त्याच्यासारख्याने दोन दिवसांत रमतगमत धावून काढलं असतं. 2015 मध्ये परवानगी मिळाली. तो आला, भिंतीच्या कडेने धावला, जिथे वळायचं होतं तिथे दर वेळी वळला, आणि पहिला आला. मग गाझाला परत गेला.